बर्लिनच्या टेकडीवर सांगितलेलं नाव

आई,

गेल्या उन्हाळ्यात मी बर्लिनला जाऊन आले. आपल्या घरात जर्मन हा शब्द भांड्यांपुरताच होता. जर्मलचं पातेलं, जर्मलची परात. त्या जर्मनीची ही राजधानी. तुला जाऊन वीस वर्षं होत आली. तू गेलीस तेव्हा माझी लेक पहिलीत होती, तुझ्या लुगड्याचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. ती नर्स झाली. मिरजेला शिकली, पुण्यात राहून तिकडची भाषा शिकली आणि बर्लिनच्या एका दवाखान्यात लागली. जावईही मिरजेचाच, तोही तिकडंच कामाला. लेकीला दिवस गेले आणि इकडं येणं तिला जमेना. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा माहेरच बॅगेत भरून न्यायचं असं मी ठरवलं. शाळेतून रजा काढली. डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा, वेखंडाचा तुकडा, जुन्या सुती साड्यांची दुपटी, हातानं शिवलेल्या कुंच्या. तिकडच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या एका पोरानं वेखंड उचलून वास घेतला आणि माझ्याकडं असं काही बघितलं की मला हसू आवरेना. ते पहिले आठवडे मी खूप हसले, आई. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं सांगण्यासारखं हसू नाही.

मी गेले तेव्हा तिथली झाडं खराट्यासारखी उभी होती. मला वाटलं, इथंही पाण्याची बोंब आहे की काय. जावई म्हणाला, "थांबा आई, आठ दिवसांत बघा." आणि खरोखर, एका आठवड्यात सगळं शहर हिरवं झालं. मी कुंडलला लग्न होऊन आले तेव्हा बारमाही उसाचं हिरवं बघून तू म्हणाली होतीस, "डोळं दुखत्यात गं माझं." तसं माझं झालं. शहराच्या ऐन पोटात केवढं तरी मोठं रान आहे. एका टोकाकडून शिरलं की दुसऱ्या टोकापर्यंत चालताना पाय भरून येतात. तळी, पाटासारखे संथ कालवे, त्यात बदकं, गवतावर उताणी पडलेली माणसं. तू असतीस तर सगळ्यात आधी म्हणाली असतीस, "येवढा पाला, आन एक शेरडू न्हाई?"

जावयाला जुन्या गोष्टींची भारी हौस. तो मला हिंडवायचा आणि लेक पोटावर हात ठेवून मागून हळूहळू यायची. राजवाडे दाखवले, पुतळे दाखवले, गाणंबजावणं चालतं ती मोठी घरं बाहेरून दाखवली. एका देवळाचा मनोरा बाँबनं फुटला होता, तो त्यांनी तसाच फुटका ठेवलाय, मुद्दाम. मला ते विचित्र वाटलं. आपल्याकडं मोडकी मूर्ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. मग त्या मोठ्या रानात बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "आई, हे राजाचं शिकारीचं रान होतं. युद्ध संपलं त्या हिवाळ्यात लोकांकडं जाळायला काही नव्हतं. त्यांनी हे सगळं तोडलं. सगळं. आणि जमीन मोकळी झाली तिथं बटाटे लावले." मी वर बघितलं. एवढी उंच झाडं. "मग ही?" "ही सगळी नंतर लावलेली. गावोगावहून रोपं आली." मला तुझा आवाज कानाशी आल्यासारखा वाटला. तुला यात काहीच नवल वाटलं नसतं. चूल पेटवायला झाड तोडलं, यात काय सांगायचं? नवल तुला परत लावण्याचं वाटलं असतं.

आणि एक गोष्ट. फुटपाथवर चालताना मध्येच लेकीनं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. खाली बघितलं तर दगडी फरशीत पितळेचे तळहाताएवढे चौकोन बसवलेले, त्यांवर अक्षरं. ती म्हणाली, "या घरात राहणारी माणसं. ज्यू म्हणून धरून नेली आणि मारली. नाव, जन्म, कुठं मारलं, एवढं लिहितात." त्यानंतर मला जिथं तिथं ते दिसायला लागले. लेकीच्या इमारतीच्या दारातही होते, एका घरातल्या सगळ्यांचे एकापाशी एक. त्यातला शेवटचा एका लहान मुलीचा. रोज भाजीची पिशवी घेऊन आत शिरताना मी पाय आखडून घ्यायचे. एवढंसं पोर, कुणी ओळखीचं उरलं नाही, आणि नाव मात्र दारात. असलं काही मी कधी बघितलं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी लेक स्वयंपाकघरात आली. मी थालीपीठ थापत होते. ती म्हणाली, "आई, काल संध्याकाळपासून हालत नाही गं." मी म्हटलं, "झोपलं असेल. गोड काहीतरी खा." तिनं गुळाचा खडा खाल्ला आणि डाव्या कुशीवर पडून राहिली. ती नर्स. तिला माझ्याआधी कळलं होतं. जावयानं गाडी बोलावली. दवाखान्यात पडद्यावर बाळ दिसत होतं, नाक, हनुवटी, सगळं दिसत होतं, फक्त ठोका नव्हता. तिथली डॉक्टरीणबाई लेकीचा हात धरून बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

मेलेलं बाळ बाईलाच जन्माला घालावं लागतं, हे तुला मी काय सांगायचं. नाही, तुझं तसं नव्हतं. तुझं जिवंत होतं. पण मी तिच्या उशाशी होते आणि तिच्या कळा येत होत्या त्या इतर कुठल्याही बाईच्या असतात तशाच होत्या. मुलगी झाली. काळंभोर जावळ, तुझ्यासारखी रुंद कपाळपट्टी. तिथल्या नर्सनं तिला पुसलं, मी नेलेलं दुपटं मागून घेतलं, त्यात गुंडाळलं आणि लेकीच्या हातात दिलं. आणि मी, तुझी लेक, पुढं झाले आणि म्हणाले, "बघू नकोस बाई. दे ते. बघितलं की विसरायला जड जातं." लेकीनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं त्या मुलीची बोटं एकेक करून सरळ केली. जावई कोपऱ्यात उभा राहून रडत होता. मला काही कुणाचं चुकलंय असं म्हणायचं नाही. आपल्याकडं हेच म्हणतात. मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

तिथलं स्मशान बागेसारखं आहे. मोठमोठी झाडं, आयव्हीची वेल जमिनीभर, पाखरं. एका कोपऱ्यात लहान बाळांची जागा. प्रत्येकाला दोन हात लांबीची माती आणि तिच्यावर दगड. कुणी रंगीत कागदी भिरभिरं खोचलेलं, कुणी लाकडी घोडा ठेवलेला, कुणी नुसता पाण्याचा पेला. वारा आला की सगळी भिरभिरी एकदम फिरतात. ते बघून मी मागं वळून झाडाला धरलं. आपल्यातही एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पण पुरून माघारी फिरताना वळून बघायचं नसतं, आणि जागा कुणाला सांगायची नसते. इथं खुणेला दगड. तिथल्या बाईनं विचारलं, दगडावर नाव काय घालायचं? लेक म्हणाली, नंतर सांगते.

घरी आल्यावर मी म्हटलं, "नाव कशाला आता? श्वास घेतला नाही तिनं. नाव ठेवलं की जीव अडकून राहतो."

ती म्हणाली, "अडकलाच आहे, आई."

त्यानंतर ती बोलायची थांबली. म्हणजे पाणी दे, दार लाव, एवढंच. दूध आलं तिला. बाळ नाही हे अंगाला कोण सांगणार. मी तिची छाती घट्ट बांधली, कोबीची पानं गार करून लावली, तरी पोलकं भिजायचं. ती भिजलेल्या पोलक्यावर हात ठेवून खिडकीशी बसून राहायची. खाली लिंडनच्या झाडांना बारीक पिवळा फुलोरा आला होता, त्याचा मधासारखा वास वरपर्यंत यायचा. मला तो वास सोसेना. मी डिंकाचे लाडू केले होते ते डब्यात तसेच. जावई कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, तिच्या पायाशी बसायचा, उठायचा. त्या घरात तीन माणसं होती आणि कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता.

त्या दिवसांत मला तू फार आठवलीस. मला वाटायचं, तू असतीस तर काय केलं असतंस? आणि मग वाटायचं, काही केलं नसतंस. गप्प बसली असतीस. तू आयुष्यभर गप्पच बसलीस.

तुझ्या पहिल्या मुलीचं मला तू कधी सांगितलं नाहीस. मी चौथीत असेन. दहिवडीच्या बाजाराला आपण जायचो ते ओढ्याच्या वाटेनं, काट्याकुट्यातून, आणि सरळ डांबरी रस्ता वरून जात होता. मी विचारलं, "आई, सगळी रस्त्यानं जात्यात, आपुनच का ओढ्यानं?" तू म्हणालीस, "ती वाट आपली न्हाई." मी म्हटलं, सरकारची वाट, सगळ्यांची असती, बाईंनी सांगितलंय. तू डोक्यावरची पाटी खाली ठेवलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. "त्या रस्त्यानं जायाचं न्हाई म्हंजे न्हाई. परत इचारलंस तर बघ." मग पाटी उचललीस आणि पुढं चालायला लागलीस. तू मला एवढं एकदाच मारलंस. माझा गाल बाजार येईपर्यंत पेटलेला होता.

आत्यानं सांगितलं मला, माझं लग्न ठरल्यावर. बहात्तरचा दुष्काळ. अण्णा मुंबईला गोदीत, आणि तू नि आत्या त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. तान्हं पोर बाभळीला झोळी बांधून तीत टाकलेलं. वर ऊन, खाली तापलेला मुरूम. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, टँकरचं गढूळ पाणी. पोरीला हगवण लागली आणि दुपारी ती झोळीतच गेली. मुकादमानं सांगितलं, घरी नेऊन येईपर्यंत हजेरी बुडेल. तिथंच भरावाच्या कडेला खड्डा खणून तिला ठेवली. दुसऱ्या दिवशी तू परत हातोडी घेऊन बसलीस. आत्या म्हणाली, "वैनीला दूध यायचं गं. बांधाआड जायाची आन दगडावर पिळायची. पांडरं दगड हुयाचं, आन लगीच सुकायचं." पुढं भराव रुंद केला, खडी पडली, रोलर फिरला, डांबर झालं. ती कुठंतरी त्या रस्त्यात आहे.

माझ्या बाळंतपणाला तू कुंडलला आलीस तेव्हा सासूबाई तुला हसायच्या. तू घटकेघटकेला लेकीच्या नाकापाशी बोट धरायचीस. त्या म्हणायच्या, "विहीणबाई, पोरगी पळून नाही जायची." तू हसायची नाहीस. मला तेव्हा कारण ठाऊक होतं, आणि मीही तुला काही विचारलं नाही. आपण दोघी एका खोलीत, मध्ये पोरगी, आणि तुझं बोट तिच्या नाकाशी.

लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारी बाई राहते. एकटी. काठी टेकत चालते, पण केस नीट बसवलेले आणि ओठाला लाली. तिला कळलं होतं. एकदा ती दारात केक घेऊन आली, माझ्या हातात ताटली दिली आणि काहीतरी बोलली. मला कळेना, लेक आतून उठून येईना. म्हातारी उभीच. शेवटी लेकीला यावंच लागलं. दोघी बोलल्या. मी विचारलं, काय म्हणतात? "त्या म्हणतात, उद्या तुझ्या आईला माझ्याबरोबर बागेत पाठव. घरात बसून बसून तिचा रंग गेलाय." मी म्हटलं, मला भाषा येत नाही, मी जाऊन काय करू? लेकीनं ते सांगितलं, म्हातारी फाडकन काहीतरी बोलली. लेक म्हणाली, "त्या म्हणतात, म्हणूनच तूही चल." ती म्हातारी मोठी हुशार, आई. पोरगी माझ्यासाठी आली नसती, स्वतःसाठी तर नाहीच. दोन म्हाताऱ्यांमधली अडचण सोडवायला म्हणून आली.

बाग जवळच होती. आत कारंजं, त्याच्या कडेनं दगडी बेडूक आणि परीकथांतल्या पोरांचे पुतळे. पुढं गर्द झाडीची टेकडी, तिच्यावर वळसे घेत जाणारी वाट. पोरं सायकलींवरून ओरडत खाली येत होती. आम्ही थांबत थांबत चढलो. म्हातारी प्रत्येक वळणावर काठीवर दोन्ही हात ठेवून दम घ्यायची. वर बाक होता, तिथून शहर दिसत होतं, हिरव्यात बुडालेलं. मी म्हटलं, केवढी सुंदर टेकडी आहे. लेकीनं सांगितलं. म्हातारीनं काठीनं जमीन ठोकली.

"त्या म्हणतात, ही टेकडी नाही," लेक म्हणाली. "ही घरं आहेत."

आणि मग ती सांगत गेली आणि लेक मराठीत आणत गेली. लेकीचा आवाज आधी बसलेला होता, खरखरत होता. त्या म्हणतात, मी लहान होते. त्या म्हणतात, इथं जवळच आमची गल्ली होती. आई मला घेऊन पावाच्या रांगेत गेली होती, धाकटा भाऊ पाळण्यातला, त्याला शेजारणीपाशी तळघरात ठेवला होता. विमानं आली. परत आलो तर गल्ली नव्हती. हळूहळू "त्या म्हणतात" गळून पडलं, आई, लेकीच्या ध्यानातही आलं नाही. ती म्हणायला लागली, "माझी आई नखांनी विटा उकरत होती. लोकांनी तिला ओढून नेलं. युद्ध संपल्यावर बायकांना काम दिलं, रांगा करून विटा हातोहात द्यायच्या. चांगल्या विटा वेगळ्या, बाकीचा राडारोडा छोट्या रेल्वेच्या डब्यांत भरून इथं. इथं तोफांचा एक मोठा बुरूज होता, तो सुरुंग लावूनही नीट पडेना, म्हणून त्याच्यावर शहर आणून ओतलं. आमची गल्लीही. भावाला कुणी बाहेर काढलंच नव्हतं. मग माती टाकली, झाडं लावली. माझी आई जवळच राहायची, मरेपर्यंत. पण या बागेत तिनं पाय ठेवला नाही."

मी लेकीचा हात धरला. ती स्वतःहून म्हातारीला काहीतरी विचारायला लागली. मग मला म्हणाली, "मी विचारलं, मग तुम्ही का येता?"

"काय म्हणाल्या?"

"कुणीतरी यायला पाहिजे ना, म्हणाल्या."

म्हातारीनं त्या भावाचं नाव सांगितलं. छोटंसं नाव होतं. लेकीनं ते हलकेच परत म्हटलं.

मग मी बोलले. मला बोलायचं नव्हतं, पण ते आलं. मी म्हटलं, तुझ्या आजीचंही असंच होतं. माझ्याआधी तिला एक मुलगी होती. मी ओढ्याची वाट सांगितली, थोबाडीत मारलेली सांगितली, झोळी, मुकादम, बांधाआडचं दूध, सगळं. लेकीनं हे कधी ऐकलेलं नव्हतं. ती ऐकत होती आणि मी थांबले की म्हातारीला तिच्या भाषेत सांगत होती. मुरूम, बाभळ या शब्दांना अडखळत होती, हातानं खुणा करत होती. तुझी गोष्ट त्या टेकडीवर जर्मन भाषेत सांगितली गेली, आई. दुधाचं सांगताना लेकीनं आपल्या छातीवर हात ठेवला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. गुरासारखी हंबरून. बागेतली माणसं वळून बघायला लागली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मी दुसऱ्या बाजूनं. "रड बाई, रड," मी म्हणत होते.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं काहीतरी विचारलं. लेकीनं नाक पुसलं आणि माझ्याकडं वळली.

"त्या विचारतात, तिचं नाव काय होतं?"

दोघी माझ्याकडं बघत होत्या. म्हातारीचे निळे डोळे, लेकीचे सुजलेले. मला नाव माहीत नव्हतं. आत्यानं कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. मी एक नाव सांगितलं.

लेकीनं ते दोनदा म्हणून बघितलं. म्हातारीलाही म्हणायला लावलं, तिच्या तोंडी ते वेडंवाकडं झालं. उतरताना लेकीनं माझा हात सोडला नाही. खाली कारंज्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "आई, मी तेच ठेवते. मावशीचं नाव. दोघींना एकच होऊ दे."

मी निघायच्या आधी दगड बसला. लहानसा, करड्या रंगाचा, त्याच्यावर आपल्या लिपीत ते नाव, खाली त्यांच्या अक्षरांत. जावयानं लाल भिरभिरं खोचलं. लेक उकिडवी बसून माती सारखी करत होती. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. अजून फोनवर मध्येच गप्प होते, दुसऱ्या बाळाचा विषय काढला की तो बदलते. जावई म्हणतो, झोपेत उठून बसते. पण त्या म्हाताऱ्या बाईकडं जाते, तिची भाजी आणून देते, आणि दोघी त्या टेकडीवर जातात.

दिवाळीनंतर मी दहिवडीला गेले. कुंडलहून विट्याला, तिथून पुढं. त्या रस्त्यावर गाडी लागली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. काही ओळखू आलं नाही. रस्ता आणखी रुंद केलाय, बाभळी राहिल्या नाहीत, कडेला धाबा आहे, पंक्चरचं दुकान आहे. मी फाट्यावर उतरून थोडी चालले. ट्रक अंगावरून जात होते. कुठं उभं राहायचं तेच कळेना. तिकडं एवढ्या मोठ्या शहरानं आपली मोडतोड रचून तिच्यावर झाडं लावली, आणि इथं एका पोरीच्या जागेवर सावलीही नाही. मी पदरानं तोंड पुसलं आणि रिक्षा करून आत्याकडं गेले.

आत्याला आता दिसत नाही, पण कान आणि डोकं शाबूत आहे. माझा हात चाचपून म्हणाली, "किती वाळलीस गं." मी लेकीचं सांगितलं. ती खूप वेळ चुक चुक करत राहिली. मग मी विचारलं, "आत्या, माझ्या थोरल्या बहिणीचं नाव काय होतं?"

"कुठल्या बहिणीचं?"

"खडीच्या कामावर गेली ती."

"तिचं कुठलं आलंय नाव, पोरी. तुझा बाप म्हमईत, घरात दाना न्हाई. बारसं कोन करनार? बाळी म्हनायचू आमी तिला. नुसतं बाळी."

"आईसुद्धा?"

"वैनीनं मनात काय ठिवलं आसंल तर देवाला ठावं. आमास्नी कदी सांगितलं न्हाई."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला माहीत होतं मी तिकडं गेलेय. तिनं विचारलं, "आत्याआजीला आठवतं का गं मावशीचं? नाव सांगितलंस का तिला, आपण काय ठेवलं ते?" मी म्हटलं, "तिला आता काही आठवत नाही बाई."

मी टेकडीवर सांगितलं ते नाव तुझं होतं, आई. सासरचं नाही. हळद लागायच्या आधीचं, तुझ्या माहेरचं. आमच्या घरात ते कुणी घेत नव्हतं. फक्त मामा यायचे तेव्हा अंगणातूनच त्या नावानं हाक मारायचे, आणि तू हातातलं काम टाकून पोरीसारखी पळत बाहेर जायचीस. त्या बाकावर दोघी वाट बघत होत्या आणि माझ्या तोंडात तेवढंच आलं. लेकीला वाटतं ते माझ्या बहिणीचं आहे. हे कागद मी तिच्या हाती लागू देणार नाही. एवढं एक खोटं मी तुझ्या नावावर बोलले आहे, आणि ते मी मोडणार नाही.